शेवंतावैनी आन माझं चुकायचं काम

कुणी काय चुकीचं बोललं की शेवंतावैनीला आनंद व्हायचा. दुसरी बाई तोंड वाकडं करंल, ही टाळी वाजवायची. "चुकलं! बसा, आता मज्जा यील," म्हणायची, आन पुढ्यातल्या सुपात शेंगा, चिंचोकं, जे काय असंल ते भुईवर पालथं घालायची. मला वाटतंय, उभ्या मळ्यात माझ्याइतका आनंद तिला कुणीच दिला नसंल.

आमचा मळा कऱ्हाड आन सांगलीच्या मधी, कृष्णेच्या काठाला. पंधरा घरं. वैनीचा मालक मिलिट्रीत, दोन वर्सांतनं एकदा सुट्टीवर यायचा. घरात वैनी, नऊ वर्साची कुसुम आन तिच्या पाठचा आठाचा सोपान. मी शेजारचा नामा. गुऱ्हाळावर चुलवाणात, म्हंजी भट्टीत, उसाची चिपाडं सारायचं माझं काम. शाळेचं म्हणाल तर मी शाळा आतनं एकदाच बघितली, ती कौलं बदलायला वर चढलो तवा.

पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद. मग गूळ शिजवायची ती मोठी लोखंडी कढई, म्हंजी काहील, नदीत सोडायची आन तिच्यात बसून माणसं पल्याड न्यायची. शाळा पल्याडच्या गावात. पोरं न्यायचं काम मी मागून घेतलं. "माझ्यासारखा काहील हाकणारा कृष्णाकाठी न्हाई," असं मीच समद्यास्नी सांगत हुतो, तवा दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच ऱ्हायली न्हवती.

एक दिस मधल्या धारंला माझ्या हातातला वेळू निसटला. काहील गोल. तिला म्होरा न्हाई आन मागा न्हाई. ती लागली भिंगरीवानी फिराया. कुसुम म्हणली, "नामाकाका, शाळा तिकडं हाय."

"म्हाईत हाय मला!"

"आता हिकडं हाय," सोपान म्हणला. "आता परत तिकडं."

दोन मैल खाली, आमच्याच काठाला, दुसऱ्याच गावाच्या घाटाला आमी लागलो. धुनं धुणाऱ्या बायांनी इचारलं, "कुठलं पाव्हणं?"

वैनी काठाकाठानं धावत आली. पोरांच्या अंगावरनं हात फिरवला. चिखलात बसली. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मग उठली आन म्हणली, "उद्यापासनं ही नदी न्हाई. पोरास्नी मी घरात शिकवीन. आन भावजी, शाळा तुमी बुडीवली. दुपारचं येऊन तुमी बी बसायचं."

"मी? मी कशाला वैनी?"

"भरपाई," ती म्हणली.

मळ्यातली माणसं लय हसली. वैनीचं माहेर मलकापूरचं, शिक्षण चौथी. आमचा पाटलाचा म्हातारा म्हणला, "चौथी शिकल्याली बाई चौथीच शिकवून टाकणार. मग तिच्याजवळ काय ऱ्हाणार?" वैनी दळता दळता म्हणली, "आवं मामा, इरजण लावल्यावर इरजणाचं दही कमी हुतं व्हय?" म्हातारा उठून गेला.

पयला धडा भाकरीचा. वैनीनं टोपलं पुढं ठेवलं आन मला म्हणली, "भावजी, पाऊण भाकरी घ्या." आता एवढं मानानं सांगतीया म्हंजी पाऊण म्हंजी कायतरी मोठंच असणार, असं धरून मी अख्खी उचलली. "चूक!" कुसुम वरडली. वैनीनं टाळी वाजवली. भाकरीचं चार तुकडं झालं, तीन टोपल्यात गेलं, एक माझ्या हातात आला. "हे पाव," वैनी म्हणली. "चुकणाऱ्याला पाव." तीन म्हैनं मी त्या अंगणात पावावरच जगलो. बायकू इचाराया लागली, बसून बसून माणूस वाळतो कसा?

त्यातनंच वैनीला तिची युक्ती सापडली. पोरास्नी सरळ सवाल घातला की ती जांभया द्यायची, वरच्या कावळ्याकडं बघायची. तोच सवाल आधी मला घातला की दोघं मांजरावानी दबा धरून बसायची, हा कवा चुकतोय आन आपण कवा झडप घालतोय. माझी चूक धरली की त्येंना शेंगा-गुळाचा खडा. मी बरोबर आलो तर खडा मला. तीन वर्सांत गूळ मी फकस्त गुऱ्हाळावरच खाल्ला.

पाटी त्या घरात हुती, पर ती झाकण म्हणून ताकाच्या गाडग्यावर जास्ती दिसायची. आठाचा पाढा लगुरीवर व्हायचा. एकेक ठिकरी चढवायची आन एकेक पायरी म्हणायची, मागनं मी चेंडू मारणार. पाढा अडला की लगुरी पडायची. माझा चेंडू कवा लागला म्हणून न्हाई, तो पार शेणकीत जायचा. अक्षरं दोरीची. ओल्या मातीवर दोर टाकून क काढायचा आन त्यावरनं अनवाणी चालायचं. मी चाललो की वैनी म्हणायची, "भावजी, क तुमच्या पायाखाली मेला." कुणी म्हणलं ह्यो नुसता पोरखेळ हाय, की तिचं ठरल्यालं बोलणं हुतं, "हाताला ठावं झालं की डोसक्याला कळवायला टपाल लागत न्हाई."

पर माझं खरं मोठं काम भूगोलात. एक दिस वैनी म्हणली, "भावजी, आज तुमी सह्याद्री."

मला वाटलं मान वाढला. तिनं मला अंगणात कुशीवर आडवं पाडलं, डोसकं उत्तरंला, पाय दक्षिणंला, तोंड उगवतीला. खांदा म्हंजी महाबळेश्वर. कुसुमनं तांब्यानं तिथनं गार पाणी सोडलं, ती कृष्णा. छातीपाशी वाई, पोटापाशी कऱ्हाड, गुडघ्यापाशी सांगली. सोपाननं दुसरा तांब्या काखंत वतला, ती कोयना. ती बरगड्यांवरनं गुदगुल्या करत निघाली.

"सह्याद्री हलतोय!" सोपान वरडला.

"सह्याद्रीनं हलायचं न्हाई," वैनी म्हणली. "खालची गावं जातील."

तेवढ्यात कोंबडी सांगलीत येऊन टोची माराया लागली. मी एक लाथ झाडली. कोंबडी उडाली, सांगली वाहून गेली, आन कृष्णा समदी माझ्या धोतरात शिरली. वैनी हसून हसून जोत्यावर बसली, डोळं पुसत म्हणली, "आता ह्या पोरास्नी महापूर शिकवायला नगो."

तिसऱ्या वर्सी उन्हाळ्यात वैनीचा दीर आप्पा आला. विट्याकडच्या माणसांच्या नादानं तो गलाईच्या धंद्यात शिरल्याला, लांब मद्रासला सोनं गाळायचं दुकान. माणूस वाईट न्हवं. पोटी पोर न्हवतं, पुतण्यांवर जीव. तो अंगणात आला तवा मी सह्याद्री हुतो आन दोन्ही पोरं माझ्यावर चढून घाटातली गावं लावत हुती.

"वैनी," आप्पा म्हणला, "ही शाळा हाय का तमाशा?"

त्यानं खिशातनं भावाचं पत्र काढलं. वैनीनंच ते वाचलं. मालकानं लिव्हलं हुतं, तालुक्याच्या शाळंत पोरास्नी पाचवीला घेतलं तर घरीच ऱ्हाऊ देत. न्हाई घेतलं तर आप्पासंगं मद्रासला धाडा, तो शिकवील. पोरांचं वाटूळं नगो.

तालुक्याची शाळा आमच्याच काठाला, तीन मैलांवर. नदीचं भ्या न्हाई, चालण्याइतकी पोरं आता मोठी झाल्याली. अडचण एकच. हेडमास्तर परीक्षा घेणार, आन चौथीचा दाखला म्हणून दाखवाया आमच्याजवळ सूप आन चिंचोकं. त्या दिशी सात आटं किती, तर मी छप्पन सोडून काय काय बोललो, पर वैनीनं टाळी वाजवली न्हाई. चुलीफुडं बसून पत्राची घडी घालायची, परत उलगडायची.

जूनात आमी गेलो. वैनी, पोरं, आप्पा, आन गाडी हाकायला मी. हेडमास्तर उंच, काळी टोपी, आवाज असा की खिडकीवरली चिमणी गप बसावी. मी व्हरांड्यात ऱ्हायलो. दार उघडंच.

"कृष्णा नदी कुठे उगम पावते?" हेडमास्तरांनी कुसुमला इचारलं.

कुसुम गप.

"तू सांग." सोपान बी गप. दोघांनी मान वळवून दाराकडं बघितलं. माझ्याकडं.

"बारा ओळी, दर ओळीत पंधरा रोपं. एकूण किती?"

परत दोघं माझ्याकडंच बघत्यात. तीन वर्सांत त्यांना आधी कुणी कवा इचारलंच न्हवतं. आधी नामाकाका चुकणार, मग आपली पाळी. इथं नामाकाका दाराबाहीर, मग चूक धरायची कुणाची?

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "बाई, राग मानू नका. मुलांना काहीच येत नाही."

आप्पा हळूच म्हणला, "वैनी, मी म्हणलं हुतं." तो बी काय खूस दिसला न्हाई. वैनीनं पदर तोंडाशी धरला हुता. मग तो खाली सोडला आन म्हणली, "नामाभावजी, आत या. मास्तर, सवाल आधी ह्येंना घाला."

"हे कोण?"

"आमच्या वर्गातलं."

हेडमास्तरांनी मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. मला तवा तीस वर्सं आन मिशा. पर भला माणूस. "बरं," म्हणला. "सांगा, कृष्णा नदी कुठे उगम पावते?"

आता हितं मी माती खाल्ली. जन्मात पयल्यांदा एवढ्या मोठ्या माणसानं मला बसायला खुर्ची दिल्याली. वर फोटू, म्होरं टेबल, दौत. आन सवाल असा, की ती नदी माझ्याच खांद्यावरनं निघाल्याली. माझी छाती फुगली. मी म्हणलो, "महाबळेश्वर."

"बरोबर!" हेडमास्तर म्हणलं.

कुसुमनं 'चूक' म्हणाया उघडल्यालं तोंड तसंच ऱ्हायलं. सोपाननं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्येंचं घर इकलं. आन वैनी... तिच्या डोळ्यात मी बघितलं आन मला समदं कळलं. माझ्या शानपणानं वैनीची पोरं मद्रासला निघाली हुती.

"पुढचा सवाल घाला सायेब," मी म्हणलो. "जल्दी घाला."

"तोच मघाचा. बारा ओळी, पंधरा रोपं."

घोटाळा असा, की मला ते बी येत हुतं. एकशेऐंशी जिभंवर येऊन बसल्यालं. चुकीचं काय सांगावं तेच सुचंना. आयुष्यभर फुकट चुकलो, आन गरज पडली तवा चूक सापडंना! शेवटाला डोळं मिटलं आन म्हणलो, "दीडशे."

"चूक!" कुसुम अशी वरडली की शेजारच्या वर्गातला मास्तर दारात आला. "एकशेऐंशी!"

"सव्वा किलो गुळाच्या पाव किलोच्या पुड्या किती?"

"चार," मी म्हणलो.

"चूक! पाच!" सोपान टेबलावर हात आपटून म्हणला.

"कोयना कृष्णेला कुठे मिळते?"

"सांगलीला."

"चूक, चूक! कऱ्हाडला! सांगलीजवळ वारणा मिळती. नामाकाका, आडवं व्हा, मास्तरास्नी दावतो!"

आन मी झालो की आडवा. हेडमास्तरांच्या फरशीवर, कुशीवर, मिशांसकट. हेडमास्तर खुर्चीवरनं उठलं, टेबलाला वळसा घालून आलं आन माझ्यावर वाकलं. आता त्येंचा आवाज चिमणी खिडकीवर बसंल असा. "मग पंचगंगा?" त्यांनी इचारलं.

"हितं," सोपाननं माझ्या नडगीवर बोट ठेवलं. "नरसोबाच्या वाडीला."

"बाई," हेडमास्तर कमरेवर हात ठिवून म्हणलं, "दोघांची नावं पाचवीला घालतो. या डोंगराला आता उठवा."

आप्पानं मला हात देऊन उठीवलं. त्येच्या डोळ्यात पाणी आन तोंडावर हसू. दुसऱ्या दिशी तो एकलाच मद्रासला गेला. जाताना पोरास्नी दोन भौरं घिऊन दिलं आन वैनीला म्हणला, "सुट्टीत तरी धाडत जावा." आन वैनीनं धाडली. दर उन्हाळ्यात, न चुकता.

शाळा चालू झाली. पयल्या सोमवारी वैनीच्या दारात मळ्यातल्या तीन बाया पोरं घिऊन उभ्या. "आमची बी घ्या," म्हणत्यात. पाटलाच्या म्हाताऱ्याचा नातू त्यात सगळ्यात म्होरं. मी दुपारचं आंघोळ करून, धोतर घट्ट कसून हजर. वैनीनं मला आपला एक सवाल घातला. मी बरोबर सांगितला. दुसरा घातला. तो बी बरोबर. नवी पोरं जांभया द्याया लागली.

वैनीनं सूप बाजूला ठेवलं. "भावजी," म्हणली, "तुमी आता ह्या कामाला चालत न्हाई. तुमास्नी यायला लागलं."

"चुकतो की वैनी. मनावर घेतलं तर चुकतो."

"मनावर घिऊन चुकल्यालं पोरास्नी कळतंय. जावा, तुमची चौथी झाली." मग हळूच म्हणली, "जाताना दुसरा कोन अडाणी भेटला तर लावून द्या."

वैनी जाऊन आता लय वर्सं झाली. ही समदी गोष्ट मी सांगतोय आन नात लिव्हून घेतीया. तिला आत्ताच म्हणलो, खाली सही मी करणार. पर त्या दिशी मी घरी आलो, बायकूला म्हणलो, "मला कामावरनं काढलं."

"आता काय केलंत?"

"हुशार झालो."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग तिला समदं नीट सांगितलं, वैनीला अडाणी पायजे ते बी सांगितलं, आन लगोलग तिच्या भावाचं नाव सुचीवलं. तिनं आट दिस मला पाव भाकरीच वाढली. पर मेव्हणा कामाला लागला, आन तो बी तीन वर्सांत निकामी झाला.