आज कुणाची चटणी?

"पानं किती?" हा मामांचा पहिला प्रश्न. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या पोराची सहल असो, तुम्ही काहीही सांगायला जा, ते आधी जेवणारी माणसं विचारायचे. माझी मुलगी पुण्याला नोकरीला लागली म्हणून मी पेढे घेऊन गेले, तर पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "खोलीवर पानं किती?" तिघी जणी राहतात म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "तिघींचं कसं शिजवायचं, बाई? डाळ भांड्याच्या बुडालाच चिकटायची की." पेढा मात्र लगेच खाल्ला.

मामा, म्हणजे सगळ्या आळीचेच मामा, आचारी होते. कसबा बावड्यात त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त एक बोळ. मी कपडे शिवते, मशीन खिडकीशी आहे आणि खिडकी बोळात उघडते, त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं माझ्या कानावर पडायचं. उगाच मला चौकशा करणारी म्हणू नका. कान बंद करून शिवणकाम होत नाही.

पूर्वी जत्रा, तालमीचं जेवण, लग्न असलं की मामांना लांबलांबून बोलावणं यायचं. रश्शाला मीठ घालताना ते कधी चाखून बघत नसत. झाकण उचलायचे, वाफेत तोंड धरून डोळे मिटायचे आणि मग मूठ उघडायचे. तेवढं मीठ बरोबर बसायचं. पुढं हॉलवाल्यांचे स्वतःचे केटरर आले, मामांचे गुडघे गेले, बोलावणी थांबली. मामी तर त्याआधीच गेल्या होत्या. माणूस शेकड्यांनी पंगती उठवलेला, पण एकट्यापुरतं शिजवायला त्यांना येत नव्हतं. दुपारी मेसचा डबा आणि रात्री दूध-पाव, असं चाललं होतं.

मग त्यांची लेक रूपाली दोन मुलांना घेऊन आजऱ्याहून त्यांच्याकडं राहायला आली. तिचा नवरा गाडीवरून पडून गेला होता. सासरची माणसं वाईट नव्हती, पण तिकडं तिच्या जोगतं काम नव्हतं. इथं शहरात साडीच्या दुकानात तिला नोकरी लागली. दुकान बंद करून घरी यायला तिला रात्र व्हायची, आणि पगार म्हणाल तर घरभाडं, शाळा, गॅस यांतच निम्मा संपायचा. सासऱ्यांचा सारखा फोन. ते म्हणायचे, थोरल्या श्रेयाला आमच्याकडं पाठव, इथं दूध आहे, तांदूळ आहे, पोर पोटभर जेवेल. त्यांचाही मुलगा गेलेला होता हो, त्यांना तरी दुसरं कोण होतं? रूपाली दिवसभर साड्या उलगडून उलगडून दमायची आणि घरी आल्यावर मुलांना बिस्किटं खाऊन झोपलेली बघायची. एका रात्री मी तिला बापाला सांगताना ऐकलं, की मला दोघांचं होत नाही, श्रेयाला पाठवते.

मामा म्हणाले, "संध्याकाळचं जेवान माझ्याकडं. पोरगी कुठं जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून पातेलं काढलं. लहान भांडं त्यांच्या घरात असं नव्हतंच. रूपालीनं आठवड्याची म्हणून आणलेली सगळी तूरडाळ त्यांनी त्या पातेल्यात घातली, कारण मुठीला तेवढीच डाळ ओळखीची होती. बोळात विटा मांडून चूल पेटवली. आमटीचा असा वास सुटला, की मी शिवत असलेल्या ब्लाउजला बाही उलटी बसली. रूपाली आली, तिनं पातेल्यात डोकावलं आणि मटकन उंबऱ्यातच बसून रडायला लागली. आठवड्याची डाळ एका रात्रीत गेली होती. मामा डाव हातात घेऊन नुसते उभे. चारशेला घाल म्हटलं तर झोपेत घालीन, असं पुटपुटत होते.

मग त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. वाढलं. कार्यातली भगुली भरली आणि श्रेयाला घेऊन आळीतल्या प्रत्येक दारात आमटी पोचवली, नासण्यापेक्षा बरी म्हणून. आमच्या घरी त्या रात्री सगळे जण ताट चाटून उठले, आणि आमच्या ह्यांनी मला विचारलं, की तू अशी का करत नाहीस? त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

आता तुम्हाला माहीत आहे, शेजारचं भांडं आपण रिकामं परत करत नाही. सकाळी मी भगुल्यात मूठभर मसूर घातला. पलीकडच्या घरून हुलगे आले, कुणी शेंगदाणे घातले, कुणी दोन कांदे. ठरवून कुणी केलं नव्हतं. पण मामांनी ती भांडी ओट्यावर ओळीनं मांडली, बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसले आणि मग खिडकीतून मला हाक मारली.

"बाई, आळीत पानं किती?"

तिथून ते सुरू झालं. सकाळी श्रेया शाळेला जायच्या आधी डबा घेऊन घरोघर फिरायची, ज्याची त्याची मूठ त्यात पडायची. संध्याकाळी मामा सगळ्यांची एकच आमटी करायचे, भाकरी किंवा भात ज्यानं त्यानं आपल्या घरी करायचा. दिवेलागणीला बायका झाकणाची भांडी घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहायच्या. रविवारी ज्याचं त्याचं मटण. आमटी फक्त आठवड्याच्या दिवसांची. आळीतल्या कुणाचाही गॅस आता पहिल्यासारखा लवकर संपेना.

श्रेयाला त्यांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती, "डब्यात बघायचं न्हाय. डबा नुसता धरायचा." कुणाची मूठ भरलेली, कुणाची महिनाअखेरीची, हे त्या पोरीला कधी कळलं नाही आणि आम्हालाही नाही. मला मामा आवडायचे ते यासाठी. आमटीसाठी आवडायचे ते वेगळं.

भाजी आणायला ते बाजार उठायच्या वेळेला जायचे. फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, फुटके टोमॅटो, कोथिंबिरीच्या काड्या असलं काय काय पिशवी भरून आणायचे. खोबरं परवडेना म्हणून वाटणाला भाजका कांदा आणि फुटाण्याची डाळ. हुलग्याची आमटी केली की हुलगे शिजवलेलं पाणी ठेवून दुसऱ्या दिवशी त्यात मुळ्याचा पाला सोडायचे, आणि तेवढ्यावर आमच्याकडचा दहावीतला मुलगा तीन भाकऱ्या खायचा.

भांडण एकदाच झालं, ते चटणीवरून. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचं तिखट, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेलं, आणि प्रत्येकीला आपलीच चटणी खरी वाटते. माझी खरीच चांगली असते, पण ते जाऊ दे. पातेल्यात कुणाची चटणी पडणार यावरून आमची बोळात चांगलीच जुंपली. मामांनी पाळी लावून दिली. रोज एका घरची. तेव्हापासून भांडं पुढं करताना जी ती आधी विचारायची, आज कुणाची चटणी? आणि मग नावं ठेवायला मोकळी.

तरी आजऱ्याचे फोन थांबले नव्हते. बाप आमटी करतो म्हणून काय झालं, असं सासऱ्यांचं म्हणणं. एके संध्याकाळी न सांगताच ते श्रेयाला न्यायला आले. तिचे कपडे घालायला म्हणून हातात मोठी रिकामी पिशवी होती.

मी रांगेतच होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. ते आळीच्या तोंडाशी आले आणि थबकले. व्याह्याच्या दारात बायका झाकणाची भांडी घेऊन गप उभ्या आहेत (त्या दिवशी गप होतो, कारण चटणी कुणाची ते कळलं नव्हतं), घरातली चूल सोडून बाहेर बोळात धूर निघतोय. ज्या घरात माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारी अन्न आणतात. अशी रांग त्यांनी मुलगा गेला तेव्हा स्वतःच्या दारात पाहिली होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, ओट्यावर बसले आणि टॉवेल तोंडाला लावला.

तेवढ्यात मामा डाव घेऊन बाहेर आले.

"पाव्हणं, असं का बसलाय?"

"कोण गेलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

मामांनी एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा पातेल्याकडं. "कोण न्हाय गेलं. मसुराची आमटी हाय."

हसावं की रडावं असं झालं. त्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी तसंच होतं आणि ते हसायला लागले होते. श्रेयानं त्यांची टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली. रात्री ते मामांच्यात जेवायला बसले, आणि मामा आत-बाहेर करत वाढत होते. पाव्हण्यांनी दोनदा आमटी मागून घेतल्याचं मला खिडकीतून ऐकू आलं. सकाळी काय होणार याची रूपालीला धास्ती होती, आणि मलाही होती. मी त्या रात्री मशीनला हात लावला नाही.

सकाळी ते निघाले तेव्हा पिशवी घडी घालून काखेत होती. श्रेया शाळेचा गणवेश घालून, डबा घेऊन आळीत फिरत होती. ते तिच्याकडं बघत मामांना म्हणाले, "पोरगी हितं सगळ्या आळीत जेवतीया. तिकडं आम्ही दोघंच म्हातारी. ऱ्हाऊ दे." रूपाली वाकून पाया पडली ती उठेचना. मामा झाकण उचलायच्या वेळी मिटायचे तसे डोळे मिटून उभे राहिले.

त्या वर्षी भातं निघाल्यावर त्याच पिशवीत घनसाळ तांदूळ घेऊन पाव्हणे परत आले. मग दर वर्षी येत राहिले. कायम संध्याकाळी यायचे, मुद्दाम बायकांच्या मागं रांगेत उभे राहायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं विचारायचे, आज कुणाची चटणी? मामा आतूनच ओरडायचे, "एक पान वाढलं रे!"

गेल्या मार्गशीर्षात मामा गेले. पहाटे झोपेतच. मी खिडकी उघडली आणि बोळ शांत होता, एवढ्यावरून मला कळलं. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. पाव्हण्यांना फोन लावला, तर ते कालच निघून वाटेत बहिणीकडं उतरलेत, आणि फोन घरीच विसरलाय असं त्यांच्या घरून कळलं. बहिणीकडं फोन लागेना.

संध्याकाळी आम्ही आपापल्या घरी आमटी केली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. माझी खारट झाली. भांडी झाकून आम्ही नेहमीसारख्या त्यांच्या दारात उभ्या राहिलो. फरक एवढाच, की आज भांडी भरलेली होती. रूपाली आत भिंतीला टेकून बसली होती, आणि श्रेया दारात उभी राहून एकेक भांडं घेत होती, झाकण न उघडता.

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी पाव्हणे दिसले. खांद्यावर तांदळाची पिशवी, चेहऱ्यावर हसू. येऊन थेट माझ्या मागं उभे राहिले, पिशवी खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले,

"आज कुणाची चटणी, बाई?"

मी वळून माझ्या भांड्यावरचं झाकण सरकवलं. ते उत्तराची वाट बघत होते.

"सगळ्यांची," मी म्हटलं.

त्यांना आधी ते उमगलं नाही. मग त्यांनी माझ्या हातातल्या भरलेल्या भांड्याकडं बघितलं, बोळात विझलेल्या चुलीकडं बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.