शेरवानीच्या कॉलरखालची रेघ

माझ्या दुकानात फळीवर वडिलांची कोळशाची पितळी इस्त्री आहे. लातूरची हौशी मंडळी तिच्यासोबत फोटो काढतात, विकता का म्हणून विचारतात. मी विकत नाही. तिच्याकडे पाहिलं की माझा राग ताजा राहतो.

वडिलांचं दुकान नांदेडला होतं. तेव्हा ड्राय क्लीनिंग म्हणजे पेट्रोलचं घमेलं. लोकरी कपडा त्यात बुचकळायचा, वास जाईपर्यंत गच्चीवर टाकायचा, मग ओलं फडकं घालून इस्त्री. कपडा आला की कॉलरच्या आत ते बिब्ब्याच्या रसाने गिऱ्हाइकाची निशाणी काढत. तो डाग जन्मात जात नाही. कपडा परत देताना, गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून, निशाणीखाली एक आडवी रेघ मारत. त्यासाठी बिब्बा आणि सुई खिशातच असायची.

एका बड्या गिऱ्हाइकाने भर दुकानात त्यांना चोर म्हटलं. काळी शेरवानी परत मिळालीच नाही म्हणे.

"मालक, तुमच्या दारात रेघ मारून दिली की हो," वडील सांगत राहिले. पण शेरवानीच समोर नाही, तर रेघ दाखवणार कशी? हळूहळू गिऱ्हाइकं तुटली आणि आम्ही लातूरला आलो. ही इस्त्री हातगाड्यावर ठेवून वडील मरेपर्यंत लोकांचे शर्ट करत राहिले. कुणी नांदेडचं भेटलं की मान खाली घालायचे. ते मी विसरले नाही.

यंदाच्या लग्नसराईत नांदेडहून लातुरात राहायला आलेल्या घरातला एक तरुण आजोबांची काळी शेरवानी घेऊन आला. त्याला ती स्वतःच्या लग्नात घालायची होती. पावतीवर लिहिताना कळलं, आडनाव त्याच बड्या गिऱ्हाइकाचं. कॉलर उलटली. आतल्या पांढऱ्या अस्तरावर दोन ठिपके, एक फुली आणि खाली वडिलांची रेघ, शेवटी जराशी वर गेलेली.

पहिला विचार आला, कोळसे पेटवावेत आणि पितळी इस्त्री त्या शेरवानीच्या पाठीवर ठेवून द्यावी. इतका गोड विचार मला कधी सुचला नव्हता. पण मग वडिलांच्या नावाला पुन्हा बट्टा लागला असता. मी शेरवानी झकास करून ठेवली आणि तरुणाला कळवलं, आजोबांच्याच हाती देईन.

म्हातारा काठी टेकत आला. वयाने मोठा आहे, पण मनात मी त्याला अरेतुरेच करते. दुकानात गर्दी होती. मला ती हवीच होती. कॉलर उलटून रेघ दाखवली, मी कुणाची मुलगी तेही सांगितलं.

"घरातल्याच पेटीत निघाली व्हती," तो पुटपुटला. "पंधरा दिसांनी. सांगायचं राहून गेलं, बाई."

राहून गेलं!

"चोर म्हनताना मोठ्यानं म्हनलात, मालक. हे बी मोठ्यानं म्हना."

त्याने म्हटलं. गिऱ्हाइकांनी ऐकलं, नातवाने ऐकलं. म्हाताऱ्याने शेरवानीसाठी हात पुढे केला. मी हँगर सोडला नाही. ज्यांनी हे ऐकायला हवं होतं, त्यांची फक्त इस्त्री फळीवर होती.

"पुन्हा एकदा," मी म्हणाले.