शेटजीचा गोळा

सर गेल्याचा फोन आला आणि मी हसलो.

नात घाबरली. "आबा, काय झालं?"
म्हटलं, "काही नाही गं. शेटजी आठवला."

आता तुम्हालाही सांगतो. टाइप नात करतेय. चुका तिच्या, आठवणी माझ्या.

पन्नासच्या दशकाची अखेर. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यात होतं. कॉलेज नवंकोरं. ग्राउंड म्हणजे अर्धं रानच. सर अमरावतीहून शिकून आलेले, वय पंचवीस, आम्हाला गोळा, थाळी, भाला शिकवायला.

फक्त कॉलेजात ना गोळा होता, ना थाळी, ना भाला.

सर म्हणाले, "नाही तं बनवू."

जिनिंगच्या मिस्त्रीकडून लोखंडाचा गोळा ओतून घेतला. वजन पाहिजे सोळा पौंड, म्हणजे पावणेआठ शेर. मोजायचा कुठे? कापसाच्या अडतीत. आम्ही चार पोरं तो गोणपाटात गुंडाळून घेऊन गेलो. शेटजींनी कापूस मोजायची मापं पारड्यात टाकली आणि मिस्त्रीनं गोळा घासत घासत काटा बरोबर केला.

सर खूश. आम्ही खूश.

आता आमचा शहाणपणा ऐका. सर बिचारे शहरातले, त्यांना काय ठाऊक. पण आम्ही सगळी शेतकऱ्यांची पोरं. कापूस घ्यायची मापं भारी असतात, काटा कापूस खातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण जो काटा कापूस खातो तो गोळाही खाईल, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

वर्षभर तो गोळा फेकला.
एकतीस फूट. मेलो तरी बत्तीस नाही.
सर पुस्तकातले आकडे वाचून दाखवायचे आणि आम्ही खाली मान घालून ऐकायचो.

इकडे बाबांचा तगादा. आमचं गाव मंगरूळपीरकडचं, घरी शेतीला माणूस कमी. एक दिवस ते थेट ग्राउंडवरच आले.

"मास्तर, गोया फेकून कोनाचं पोट भरते?"

सर म्हणाले, "नागपूरची मीट तेवढी होऊ द्या, काका. नंबर नाही आला तं मीच त्याले घरी आनून सोडतो."

झालं. माझं सगळं कॉलेज त्या एका स्पर्धेवर येऊन बसलं. वखर धरायची लाज नव्हती मला. पण बी.ए. व्हायचं होतं हो, फार मनापासून व्हायचं होतं.

नागपूरला युनिव्हर्सिटीची मीट. तिथे फेकायच्या आधी प्रत्येक गोळा वजन करून बघतात. आमचा ठेवला. तो माणूस एकदा काट्याकडे बघे, एकदा सरांकडे.

"कोच साहब, ये तो अठारा पौंड है. बच्चों को कौन से जुर्म की सजा दे रहे हो?"

सरांचा चेहरा पडला. मग हळूहळू उजळला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले,
"अरे लेका, आपन सालभर शेटजीचं पाप फेकून राह्यलो होतो!"

मला तिथला सरकारी शिक्क्याचा गोळा दिला. आईशप्पथ, हातात लाडू घेतल्यासारखं वाटलं.

पहिला थ्रो फाउल. इतका जोर लावला की गोळ्यामागे मीही सर्कलबाहेर.
दुसरा पस्तीस.
तिसरा साडेछत्तीस.

दुसरा नंबर आला. सर टाय घालून आले होते. टायसकट नाचले.

परत येताना सरांनी एक शिक्क्याचा गोळा सोबत आणला आणि बाजाराच्या दिवशी थेट अडत गाठली. बाबांची बैलगाडी रांगेत उभी होती. सरांनी सगळ्यांसमोर गोळा पारड्यात ठेवला, दुसऱ्या पारड्यात शेटजींची पावणेआठ शेराची मापं.

मापांचं पारडं धप्पकन खाली.

शेटजी म्हणाले, "मास्तर, गोळा फेकून फेकून झिजला असन."

सर म्हणाले, "हा नागपूरहून आनून आठच दिवस झाले. तेवढ्यात दोन पौंड झिजला? मंग तुमची मापं इतक्या वर्षांत काहून नाही झिजली, शेटजी?"

अख्खी अडत हसली. मापं त्याच दिवशी बदलली.

बाबांनी पारड्यातला गोळा उचलून हातात तोलला. माझ्याकडे बघितलंही नाही. सरांना म्हणाले, "भरते बाप्पा पोट. फेकू द्या त्याले."

मी बी.ए. झालो. पुढे कारंज्यात पीटी मास्तर झालो.

सरांनी तिथेच तीसेक वर्षं पोरं घडवली. कोणी पोलिसात गेलं, कोणी मिलिटरीत. तो भारी गोळा मात्र त्यांनी टाकून दिला नाही. त्याचं नावच "शेटजी" पडलं. नवा पोरगा आला की ठरलेलं वाक्य: "आधी शेटजी फेक. मंग सरकारचा." आणि कापसाच्या सीझनला कोणी शेतकरी अडतीतली मापं पडताळायला शिक्क्याचा गोळा मागू लागला की सर चालू प्रॅक्टिस थांबवून तो द्यायचे. त्या दिवशी सगळ्यांनी थाळी फेकायची.

रिटायर झाल्यावर सरांनी शेटजी मला दिला. मी दाराला लावतो, वाऱ्यानं आपटत नाही.

मागच्या दिवाळीला भेटायला गेलो. सर एक्क्याण्णवचे, आवाज खोल गेलेला.
"शेटजी कसा हाय?"
"मजेत, सर."
"झिजला काय?"
दोघंही खोकला येईस्तोवर हसलो.

आज दुपारी खांदा दिला. माझं शहाऐंशी वय, पोरं नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. चारच पावलं चाललो.

सर, तुम्ही फार हलके लागलात हो.
भारी उचलायची सवय तुम्हीच लावून ठेवली.
तिथे मात्र रडलो. लपवत नाही.

वर पाप-पुण्य तोलतात म्हणे. तुमचं तोलायच्या आधी त्यांची मापं तेवढी तपासून घ्या.

रामराम, सर.