रद्दचा शिक्का

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी साठतात, जुनी ड्रॉइंगं आणि किस्से. ड्रॉइंगांनी माळा भरलाय, किश्शांनी डोकं. आमचे आर्किटेक्ट काझीसर जुना कागद फाडू देत नाहीत. नकाशा बदलला की जुन्यावर लाल ‘रद्द’चा शिक्का, खाली गिऱ्हाइकाची सही, अन् कागद माळ्यावर. "फाडू नका हो, लोगां बाद में मुकर जाते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणजे, लोक मागाहून शब्द फिरवतात.

*

हा नियम शेंद्रा एमआयडीसीतल्या एका शेडमुळं आला. कंत्राटदारानं जुन्या, बिनशिक्क्याच्या ड्रॉइंगवरून गेट बांधलं. ट्रकच आत जाईना! आमचा साइटवाला मिलिंद खवळला, "नवं ड्रॉइंग दिलं व्हतं ना तुला?"

"दिलं की! साइटवर खराब होईल म्हणून घरी कपाटात ठिवलंय!"

गेट पाडावं लागलं.

*

छावणीतले दोन भाऊ. एकाच दुकानात मधे भिंत घालायची होती. थोरला सकाळी येऊन सांगायचा, "भिंत जराशी तिकडं सरकवा, त्याला बोलू नका." दुपारी धाकटा, तेच! सरकून सरकून भिंत शेवटी पहिल्या ड्रॉइंगमधल्या जागीच आली. उद्घाटनं मात्र दोन झाली. आम्ही पेढेही दोनदा खाल्ले, गोड एकही लागला नाही.

*

हर्सूलच्या विलासभाऊंचं घर काढलं, तेव्हा त्यांची माय सोबत यायची. गुडघे पार गेलेले, जिना चढणं बंद. तिला नकाशातलं काही कळत नव्हतं. ती मला एवढंच विचारायची, "माझी खोली खालीच हाय ना, बाई?"

पहिल्या ड्रॉइंगात होती. खाली, देवघराशेजारी, खिडकी अंगणात. मी बोट ठेवून दाखवली, तर म्हातारी केवढी हसली!

*

मग विलासभाऊंना दोन गाड्यांचं पार्किंग हवं झालं. खोली मागं गेली. मग हॉल मोठा हवा झाला. "मायची खोली वर घ्या, सर. लिफ्ट लावू."

"लिफ्ट इसमें कहाँ है, भाऊ?" काझीसरांनी विचारलं.

"नंतर बघू."

दरवेळी शिक्क्याखाली न बघता सही. माय शेजारीच बसलेली. म्हणाली, "राहू द्या. मला किती दिस लागती खोली!" मला असा संताप आला, की शिक्का मी टेबल हादरेल असा आपटला. विलासभाऊ फोनवर बोलत होते.

*

वास्तुशांतीला गेलो. माय हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर. मी जवळ बसले.

"वर माझी खोली लई मोठी हाय म्हणे," ती म्हणाली.

म्हणे! लिफ्ट काही लागलीच नाही. ती रात्री तिथंच सोफ्यावर निजायची, हे पुढं मिलिंदला शेजाऱ्यांकडून कळलं.

*

यंदा माय गेली. तेरावं झाल्यावर विलासभाऊ एकटेच ऑफिसात आले. दाढी वाढलेली.

"सर, ते पहिलं ड्रॉइंग असंल का हो?"

मिलिंद माळ्यावर चढला. काझीसरांनी कागद झटकला, टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. विलासभाऊंनी देवघर शोधलं, मग शेजारची खोली. शिक्का नेमका तिच्यावर होता, खाली त्यांची सही. ते अंगठ्यानं लाल शाई घासत राहिले.

"सर, हे निघंल का?"