येतो म्हणायचं नाही

घणसोली गावात पुतळाबाईला कुणी काही गोड बोलून विकून दाखवावं. बाई स्वतःच मासे विकणारी, त्यामुळे विकणाऱ्याच्या तोंडावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. वाशीच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली. पण त्याआधी माल घेताना ती एकेका जिताड्याचे कल्ले उचलून लाली तपासायची, पोटावर बोट दाबायची, डोळ्यात डोळा घालून बघायची. "डोला सांगतो, मालक सांगत नाय," असं तिचं म्हणणं. ज्या वर्षी गणपती दूध प्यायले आणि सगळं गाव वाटी-चमचा घेऊन देवळाकडे धावलं, त्या वर्षी हीसुद्धा गेली, स्वतःच्या घरचा चमचा घेऊन. वाकून नीट बघितलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "खाली सांडतंय." गावच्या बायका पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. बाई भुताखेतांना भीक घालणारी नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तिचा नवरा दादू. बापाचं मिठागर गेलं, शेतं सिडकोत गेली, तसा तो ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागला. माणूस अबोल. पण घरातून निघताना उंबऱ्यावर थांबून "येतो गं" म्हणायचा, आणि आतून "ये" ऐकल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही. निघताना 'जातो' म्हणू नये हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण दादूचं जरा अतीच होतं. एकदा घरात मिक्सर चालू होता, तर हा बसस्टॉपवरून माघारी आला. "तू ये म्हनलीच नाय," म्हणाला. पुतळाबाईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ये बाबा, ये."

आणखी एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दादू उंबऱ्यावर थांबला, "येतो गं" म्हणाला. ही भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. तो बराच वेळ उभा राहिला आणि मग गेला. दुपारी कंपनीतून निरोप आला की त्याचा हात मशीनमध्ये गेला. दोन बोटं गेली. देवाचं दूध सांडताना पकडणाऱ्या या बाईच्या मनात तेवढी एक गोष्ट मात्र काट्यासारखी रुतली, आणि पुन्हा कधी तिनं "ये" म्हणायचं चुकवलं नाही. तिला स्वतःला 'येते' म्हणायचा प्रसंगच यायचा नाही. दादू फर्स्ट शिफ्टला, मुलगी अमिता शाळेत, आणि घराला कुलूप घालून निघणारी शेवटची तीच. रिकाम्या घराला कोण सांगतंय?

अमिता शिकून ऑफिसात लागली आणि त्याच सुमाराला दादूच्या घशात गाठ निघाली. तंबाखूची. सगळे उपचार झाले. आधी आवाज बसला, मग पार गेला. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, आराम पडू द्या. आराम कुठला पडतोय? गावठाणात भिंतीला भिंत लागलेली, पण शेजाऱ्यांना काही ऐकूच यायचं नाही, कारण कण्हायलाही आवाज लागतो. दादूच्या तोंडातून नुसता घासटलेला श्वास यायचा आणि तो उशी दातात धरायचा. पुतळाबाई ते रात्रंदिवस बघत होती.

"आई, पारसिकच्या टेकडीखाली एक संस्था आहे," अमितानं एक दिवस सांगितलं. "विसावा नाव आहे. लास्ट स्टेजच्या पेशंटला ठेवतात. बरं नाय करत, पण दुखणं थांबवतात."

गावात कुजबुज लगेच सुरू झाली, नवऱ्याला मरायला घराबाहेर टाकणार म्हणून. पुतळाबाईनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिला भीती वेगळीच होती. दादूनं सगळं ऐकून तिच्या लुगड्याचा पदर धरून ठेवला होता, त्या तीन बोटांच्या हातानं, आणि सोडत नव्हता.

"आदी मी बगून येईन," ती त्याला म्हणाली. "तुजी आबाल व्हनार असंल, तर नाय ठेवायची तितं. घरातच राहशील."

दुसऱ्या दिवशी ती 'विसावा'त गेली. तिथल्या मुख्य सिस्टर आबिदा, तळोज्याकडच्या, शांत बाई. त्या माहिती सांगायला लागल्या, तर ही उठून वॉर्डातच शिरली. एका उशीला नाक लावून वास घेतला. झोपलेल्या म्हातारीची चादर उचलून टाचा बघितल्या, कुठं जखम झाली आहे का ते. सगळ्यांचे ओठ बघितले, कोरडे आहेत की कुणी पाणी लावतं. एक जण कण्हला, तेव्हा जागची हलली नाही. कोण येतं आणि किती लवकर येतं ते बघत उभी राहिली. आबिदा सिस्टर पटकन आल्या, पण आधी काही टोचलं नाही, डोक्यावर हात ठेवून विचारलं, मग औषध दिलं. स्वैपाकघरामागची मोरीसुद्धा बघून झाली. शेवटी सयाजी नावाच्या, साताऱ्याकडच्या एका पेशंटला तिनं सिस्टरच्या समोरच विचारलं, "मारतात काय तुमाला?"

"मारत न्हाईत," सयाजी म्हणाला. "चहा तेवढा पातळ देत्यात."

कल्ले लाल निघाले म्हणायचे. पण कोपऱ्यात एक पलंग होता. बेडसाठी थांबावं लागतं असं अमितानं सांगितलं होतं, आणि हा तर रिकामा. चादर धुतलेली, उशाशी पाण्याचा ग्लास, वर वाटी झाकलेली. उशीला मधोमध खळगा पडला होता, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा. पुतळाबाईनं सवयीनं तिथं हात दाबून बघितला. उशी कोमट होती. खिडकी दुसऱ्या बाजूला होती, ऊन इथवर पोचत नव्हतं. तिनं हात काढून घेतला आणि लुगड्याला पुसला.

दारापाशी येऊन ती म्हणाली, "बराय, येते मी."

वॉर्ड एकदम गप्प झाला. सयाजीनं चादर तोंडावर ओढून घेतली. आबिदा सिस्टरनी तिच्या कोपराला धरून तिला बाहेर व्हरांड्यात आणलं.

"मावशी, हा शब्द आमी इथं बोलत नाय. घरची मानसं 'येतो' बोलून जातात. पोरगा दुबईला असतो, तो काय लगेच येनार नसतो. पन पेशंटनं ऐकलेलं असतं ना? मग तो थांबतो. कितीपन दुखू दे, थांबतो. जीव अडकून राहतो त्याचा. म्हनून निघताना आमी पायाचा अंगठा दाबतो, बस."

हे पुतळाबाईला पटलं. "आनि त्यो कोपऱ्यातला पलंग?"

गळक्या नळाबद्दल सांगावं तसं आबिदा सिस्टरनी सांगितलं.

"उरणकडचे भैरूकाका होते. त्यांचं कोनी नव्हतं. लय रमले होते इथं. शेवटी शुद्धीत होते, मला बोलले, येतो सिस्टर. मीपन सवयीनं बोलले, या."

"मंग?"

"मग आले."

पुतळाबाईनं दारातून त्या पलंगाकडे वळून बघितलं.

"त्रास काय नाय त्यांचा. दिवेलागणीला पलंग करकरतो, तेवढंच. दुसरा पेशंट ठेवला, तर तो बोलायचा, मला कोनतरी 'सरक जरा' बोलतंय. ट्रस्टी बोलले, कोनाला तरी आनून बंदोबस्त करा. मी बोलले, कशाला? मीच 'या' बोलले ना. बोलावलं तर जागा द्यायला लागते."

अमितानं हे ऐकलं आणि हातातला फोन बाजूला ठेवला. "आई, ती बाई डोक्यानं गेलीय. तिथं नको, आपण दुसरीकडे बघू."

"तितंच," पुतळाबाई म्हणाली. "मेल्या मानसाला दिलेला शब्द जी पालते, ती जित्याला टाकनार नाय."

दादूला तिथं नेलं. औषध लागू पडलं आणि दुसऱ्याच दिवशी तो तोंड उघडं टाकून झोपला, लहान पोरासारखा. ते बघून पुतळाबाई भर वॉर्डात रडली. मोठ्यानं रडली, कुणाची भीडभाड न ठेवता. त्याला दुखत नव्हतं, आणि एवढंच तर तिला हवं होतं.

रोज ती बाजार उरकून यायची आणि निघताना त्याचा अंगठा दाबायची. दिवेलागणीला कोपऱ्यात पलंग करकरायचा. सगळे आपापल्या ताटात बघायचे. एकदा तिनं जाऊन ग्लासावरची वाटी उचलली. सकाळी काठोकाठ भरलेलं पाणी खाली गेलं होतं. तिनं ते परत भरलं, वाटी झाकली आणि जागेवर येऊन बसली.

असेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी आबिदा सिस्टर तिच्या शेजारी येऊन बसल्या. "मावशी, दादूकाकांचा टाइम जवळ आलाय. ते 'येतो' बोलतील. तुमी 'ये' बोलू नका."

"त्याला आवाज कुटं हाय, बाय?"

"त्या वेळेला असतो."

पुतळाबाईनं दादूच्या पांघरुणाची कड सारखी केली. "मंग मी काय बोलू?"

"'जा' बोलायला लागतं. कोनाच्या तोंडातून निघत नाय. माझ्यापन निघाला नाय."

ते दुसऱ्या दिवशी दुपारीच झालं. वॉर्डात चहा चालला होता. दादूनं डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "येतो गं."

आवाज त्याचाच. जाडसर, खर्जातला, कंपनीच्या दिवसांतला. सयाजीच्या हातातली बशी तशीच राहिली. पुतळाबाईच्या जिभेवर 'ये' आलाच होता, इतक्या वर्षांचा घासून गुळगुळीत झालेला. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

दादू थांबला. उंबऱ्यावर थांबायचा तसाच. छाती वर आली आणि वरच राहिली, श्वास ना आत ना बाहेर, आणि डोळे तिच्यावर. ती भांडणाची सकाळ तिला आठवली. गप्प बसण्यानं काय होतं ते तिनं एकदा बघितलं होतं. आणि 'ये' म्हटलं तर हा कुठल्यातरी कोपऱ्यात रोज दिवेलागणीला करकरत राहणार. खरं सांगायचं तर तिला तेही चाललं असतं. तिला तो हवा होता, कसाही. उशीतल्या खळग्याएवढाच उरला असता, तरी चाललं असतं.

तिनं त्याचा तीन बोटांचा हात धरला आणि तोंडातला बोळा काढला.

"जा," ती म्हणाली. "जा रं आता. मी हाय मागं."

हा शब्द तिच्याकडून त्यानं कधी ऐकला नव्हता. कळायला त्याला जरा वेळ लागला असावा. मग छाती सावकाश खाली बसली. त्याच वेळी कोपऱ्यातला पलंग एकदा करकरला. दिवेलागणीला तर अजून बराच अवकाश होता. आबिदा सिस्टरनी वळून बघितलं. संध्याकाळी त्या पलंगाशी गेल्या तेव्हा पाणी ग्लासाच्या काठाशीच होतं, आणि त्यानंतर ते कधी कमी झालं नाही. "तुमच्या शब्दावर दोघं गेले, मावशी," असं त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. अमिता ऑफिसला जायला लागली. मग पुतळाबाईनंही पाटी बाहेर काढली. पाटी घेतली, कुलूप घेतलं आणि उंबऱ्यावर तिचा पाय आपोआप थांबला. का ते तिचं तिलाच कळलं नाही. ती आत तोंड करून म्हणाली, "येते रं."

"ये," आतून आवाज आला.

तोच, जाडसर. पुतळाबाईनं पाटी खाली ठेवली आणि आत गेली. बाई कल्ले उचलल्याशिवाय काही मानणारी नव्हती. तिनं अंथरुणाच्या वळकटीवर हात दाबला, थंडगार होती. उशीला नाक लावलं, नुसत्या कापसाचा वास. ग्लासातलं पाणी होतं तेवढंच. घरात कुणी नव्हतं. ती परत उंबऱ्यावर आली आणि यावेळी नीट कान देऊन पुन्हा म्हणाली, "येते रं."

"ये."

आता तिला कळलं. आवाज घरातून येत नव्हता. तो घरात राहिलेल्या माणसाचा नव्हताच. पुढे जाऊन, जागा करून, वाट बघत बसलेल्या माणसाचा होता. आणि तिनं दोनदा कबूल केलं होतं, येते म्हणून. अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच वेळी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला एकटं वाटेनासं झालं.

मग तिनं दार ओढलं, कुलूप घातलं आणि फळीला तोंड लावून म्हणाली, "येते म्हनलं ना. पन आज नाय. आज बाजार हाय." आणि पाटी डोक्यावर घेऊन ती स्टॉपकडे चालायला लागली.