मावशीची सही

आमच्या दुकानावर पाटी आहे ‘बूट दुरुस्ती’ची, आणि बूट दुरुस्त करणारा मी कोपऱ्यात अंग चोरून बसतो. बाकीची सगळी जागा बायकोच्या खोक्यांनी गिळली आहे. आमच्या गावावरून डोंगरातली लांबलचक पायवाट जाते. महिनोन्‌महिने ती चालणारे लोक पुढच्या टप्प्याचं सामान ऑनलाइन मागवतात, पत्ता आमचा देतात आणि इथवर पोचले की घेऊन जातात. सगळे हिला मावशी म्हणतात. मला कोणी काही म्हणत नाही, खोकी उचलायची वेळ आली की मात्र ‘काका’.

खोकं फळीवर ठेवलं की मावशीची काळजी सुरू. “हा अजून कसा आला नाही हो?”

“चालत येतोय तो, विमानानं नाही,” मी म्हणतो.

उशिरा आलेल्याला ती आधी झापते, मग खुर्ची देते, मग मला सांगते, “बघा जरा त्याचे बूट.” फुकट, हे वेगळं सांगायला नको.

कुरियरवाला कायम घाईत. त्याला सही लागते. मावशी सही करते, की ज्याच्या खात्यावरून सामान मागवलंय त्याच्या फोनवर ‘मिळालं’ असं उमटतं. इतकी वर्षं यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

मग एका दुपारी दुकानाचा फोन वाजला. पलीकडे कुणाची तरी आई. मुलगा भांडून घराबाहेर पडला होता, या पायवाटेला लागला होता, तिचे फोन उचलत नव्हता. पण सामान मागवायचा ते तिच्याच खात्यावरून. कुठं बूट, कुठं जखमेच्या पट्ट्या, कुठं टोपी. त्यावरून तिला कळायचं, पोरगा कुठवर आलाय ते.

“तुमच्याकडचं मिळालं असं दिसलं, तेव्हा जिवात जीव आला,” ती म्हणाली. “पण त्यानंतर त्यानं काहीच मागवलं नाही. बरा दिसत होता ना हो?”

मावशीनं फळीकडे पाहिलं. त्याचं खोकं तिथंच होतं. हिला खोटं बोलता येत नाही. आलं असतं तर माझा संसार कितीतरी सोपा झाला असता.

“ताई, तो अजून आलाच नाही. सही माझी आहे.”



आम्ही वनरक्षकांना कळवलं. पण मावशीच्या घशाखाली घास उतरेना. “मी सही ठोकली आणि ती बिचारी निर्धास्त राहिली,” एवढंच चाललेलं. “अगं, तुझा काय दोष?” म्हटलं तर माझ्यावरच खेकसली. त्या आईचा फोन रोज यायचा. सांगण्यासारखं काही नसायचं, तरी दोघी बोलत राहायच्या. मी कुरकुरायचो, पण खरं सांगतो, दारात पाऊल वाजलं की माझीही मान आधी वर व्हायची.

आणि एका सकाळी तो आला. काठी टेकत, एक पाय टम्म सुजलेला.

“कुठं उलथला होतास रे?” मावशी ओरडली आणि तिनंच खुर्ची पुढे केली.

वर डोंगरात त्याचा पाय मुरगळला होता. एका मेंढपाळाच्या झोपडीत पडून होता, फोन बंद. मावशीनं खोकं फोडून दिलं. त्यानं मागवलेलं सामान निघालं, आणि तळाशी जाड लोकरीचे मोजे.

“हे आईनं मागणीत वाढवलेत,” तो म्हणाला. “दर खोक्यात काहीतरी जास्तीचं निघतं.”

“एवढं भांडलायस, तर खातं का नाही बदललंस?” मी विचारलं.

तो मोजे हातात फिरवत राहिला. “मग तिला कळलं कसं असतं, मी कुठं आहे ते?”

तेवढ्यात फोन वाजला. मावशीनं उचलला आणि तसाच त्याच्या हातात दिला. त्यानं तो कानाला लावला. म्हणाला, “आई, हे मोजे मोठे आहेत गं.”

पलीकडचं रडणं मला कोपऱ्यात ऐकू आलं. मग तोच रडका आवाज रागावून म्हणाला, “मोठेच मागवलेत! चालून चालून पाय सुजतात म्हणे!”

त्यानं सुजलेल्या पायात मोजा चढवला. “बरोबर बसला,” म्हणाला, आणि फोन कानाशी धरून हमसाहमशी रडायला लागला.

मावशी मला काही सांगायच्या आतच मी त्याचे बूट दुरुस्तीला घेतले.