सासूबाईंचा पांढरा सॉस

मी खरं बोललो, ही माझी चूक. त्याआधी कित्येक वर्षं मी खोटं बोलत होतो आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

माझी सासुरवाडी लोह्याजवळच्या एका गावात. सासरे शेती करतात. आम्ही लातूरला राहतो, मी शाळेत शिकवतो. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी सासूबाईंच्या हातात फोन आला आणि फोनमधून इटली आली. पहिल्यांदा त्यांनी माझ्यापुढे पास्ता ठेवला, तेव्हा त्यावर लवंगी मिरचीची फोडणी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"जावईबापू, कसं झालंय?"

"छान," मी म्हणालो. सासुरवाडीत जेवताना दुसरं काय म्हणणार?

तिथून पुढे आमची प्रत्येक खेप परदेशात होऊ लागली. भाकरी दुमडून कडक केली आणि तिच्यात मटकीची उसळ भरली की मेक्सिको. इडलीपात्रात मोमो. शेतातला हरभरा शिजवून तिळासोबत वाटला की लेबनॉन. त्याला सासरे 'बिनगुळाचं पुरण' म्हणत. या सगळ्यांवर कडी करणारा लझानिया. पोळ्यांचे थर, मधे वांग्याचं भरीत, वर म्हशीच्या दुधात मैदा शिजवून केलेला घट्ट पांढरा सॉस, आणि हे सगळं तळाला मीठ पसरलेल्या कुकरात, शिट्टी काढून ठेवून.

जावई आला की घरातल्यांनाही तेच जेवावं लागे. सासरे दिवसभर रानात राबून यायचे, ताटाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. ताटाला नावं ठेवणं म्हणजे जावयाच्या आवडीला नावं ठेवणं, आणि ते त्या घरात होणं शक्य नव्हतं. बिचारे कांदा फोडून त्याच्या आधाराने तो सॉस संपवायचे. मला अपराधी वाटायचं. तसं मला ते लवकरच वाटतं. वर्गात पोरगं शिंकलं तरी खडूची धूळ मीच उडवली असणार, असं मनात येतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं हरभऱ्याच्या बांधावर बसलो होतो. सासरे घाटे सोलता सोलता म्हणाले, "बापू, एक इचारू का? राग न्हाई ना येणार?"

"विचारा की मामा."

"ते पांढरं तुम्हाला खरंच आवडतं?"

मी मागे वळून बघितलं. रानात कुणी नव्हतं. "नाही मामा. पहिल्या दिवसापासून नाही."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "अन् मी तुमच्यापायी खाऊन राहिलो ना बापू, इतके दिवस!"

आम्ही इतके हसलो की पिकातली पाखरं उडाली. मला वाटलं, आपण आज एका माणसाला सोडवलं.

त्याच संध्याकाळी ताटं मांडली. कुकरचं झाकण निघायच्या आत सासऱ्यांनी जाहीर केलं, "हे आजपासून बंद. जावईबापूलाच आवडत न्हाई. त्यांनीच सांगितलंय मला."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "हाव का?" एवढंच म्हणाल्या आणि कुकर उचलून आत गेल्या. थोड्या वेळाने बेसन, भाकरी आणि ठेचा आला. सासऱ्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. मीही खाल्ल्या, लपवत नाही. सासूबाई मात्र आत जेवल्या. लझानिया. एकट्या.

परतीच्या बसला बसलो. अहमदपूर मागे पडल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला आवडत नाही हे आईला कळत नव्हतं, असं वाटतं का तुम्हाला? घास घेताना तुमचं तोंड बघितलंय कधी?"

"मग त्या करायच्या कशाला?"

"तिला आवडतं म्हणून! तिला स्वतःला. एरवी नवीन काही केलं की बाबा ताट सरकवतात. तुमचं नाव घेतलं की कुणाची बोलायची टाप नाही. तुमच्या नावावर ती वर्षातून चारदा मनासारखं शिजवून खात होती. तेवढंही तुम्ही घालवलंत."



गुढीपाडव्याला गेलो तेव्हा चीजचा डबा घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरलो. सासूबाई दचकल्या. "अहो, हितं कशाला? बाहेर बसा की. कुणी बघितलं तर काय म्हणेल?"

"मामी, आज ते पांढरं करा."

"नगं. तुम्हाला आवडत न्हाई."

"तुम्हाला आवडतं ना?"

 त्यांनी गॅस बारीक केला. "एक सांगा खरं. काय कमी पडत व्हतं?"

इतक्या वर्षांत या बाईंनी कितीदा विचारलं होतं, कसं झालंय म्हणून. मी एकदाही खरं उत्तर दिलं नव्हतं.

"मैदा कच्चा राहतो," मी हळूच म्हणालो.

"अन्?"

"मिरची जास्त होते. आणि वांगं..."

"वांग्याला काय झालं?" त्यांचा आवाज चढला.

"काही नाही. वांगं चांगलं असतं."

"हाव. मैद्याचं मलाबी वाटायचं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही छान छानच करून राहिले. मग इचारू कुणाला? फोनला?"

तेवढ्यात सासरे दारात येऊन उभे राहिले. त्यांना आधी मी दिसलो, मग चीजचा डबा. त्यांचा चेहरा उतरला. "बापू, तुम्ही तर बांधावर म्हणाले व्हते..."

"मामा, आजचं मीच करायला सांगितलंय," मी म्हणालो. मग सासूबाईंकडे वळलो. बसमध्ये घोकून ठेवलेलं सगळं विसरलो होतो.

"मामी, माझं चुकलं. तुमच्या स्वयंपाकाबद्दल तुमच्याशी बोलायचं सोडून मी बांधावर जाऊन बोललो. आणि त्याच्या आधी इतकी वर्षं नुसतं छान म्हणत राहिलो, तेही चुकलंच. मला माफ करा."